पान उलटणारा

२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा सण. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ती आश्रयदाती. आमच्या लहानशा धर्मग्रामाची फार जुनी चाल अशी की, त्या दिवशी सायंकाळच्या मिस्सानंतर गायनवृंदातील सारी मंडळी फादरांच्या बंगल्याच्या ओसरीवर जमायची, चहापाणी व्हायचे आणि नाताळच्या गीतांची पहिली तालीम तेथेच सुरू व्हायची. मी या धर्मग्रामात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी सणाला ओसरीवर एकही माणूस आला नाही. वीस माणसांच्या चहाचे आधण उकळून उकळून निम्मे झाले. आमची वृद्ध स्वयंपाकीण दोनदा बाहेर डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा काही न बोलता तिने पातेले खाली उतरवून ठेवले. मंडळी का आली नाहीत, याचे कारण त्या वेळी मी इतरांत शोधत होतो. ते माझ्यापाशीच होते, हे मला एका म्हाताऱ्या वादकाने दाखवून दिले. त्यांचीच ही हकीगत.

हे गृहस्थ माझ्या आईचे मामा. घरात लहानथोर सारेच त्यांना मामा म्हणत. त्यांचा जन्म गोव्यातील सासष्टीचा. वयाच्या सातव्या वर्षी ते गावच्या चर्चच्या पाठशाळेत मेस्तांच्या हाताखाली बसले. चर्चला जोडून असलेल्या या पाठशाळा पोर्तुगीज अमदानीतल्या. प्रार्थना, धर्मशिक्षण आणि अक्षरओळख यांबरोबर तेथे स्वरलिपी वाचण्यासही शिकवीत. आधी दो-रे-मी तोंडाने म्हणून दाखवायचे, मग रबेक, म्हणजे आपले व्हायोलिन, हाती मिळायचे. हेतू एवढाच की, रविवारच्या मिस्साला आणि सणासुदीला गाणारे-वाजवणारे गावातच तयार व्हावेत.

परंतु गोव्यात त्या काळी पोटापाण्याची साधने थोडी. म्हणून ही मुले मोठी झाली की मुंबई, कराची, लाहोर, कलकत्ता अशा शहरांची वाट धरीत. कोणी पोलिसांच्या बँडमध्ये शिरे, कोणी संस्थानिकांच्या पदरी राही, कोणी मोठ्या हॉटेलांत नाचाचे संगीत वाजवी, तर कोणी मूकपटाच्या थिएटरात पडद्यापुढे बसून चित्राला साथ करी. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला. थिएटरातील वादकांचे काम हळूहळू संपले. पण त्याच बोलपटांनी स्टुडिओत त्यांच्यासाठी नवे दार उघडले. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचगाण्यांना उतरती कळा लागली आणि तेथील वादकही स्टुडिओंकडे वळले.

मामा मुंबईस गेले ते १९५० नंतर, एकोणीस वर्षांचे असताना. धोबीतलावावरील गावच्या कुडात त्यांना जागा मिळाली. कूड म्हणजे एकेका गावच्या मुंबईकर मंडळींनी चालवलेली सामायिक खोली. भिंतीशी प्रत्येकाची एक ट्रंक, एका कोपऱ्यात वेदी, आणि रोज सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. खलाशी, आचारी, वादक आणि नोकरीच्या शोधातील पोरे सारी एकाच छताखाली. "स्टुडिओत पहिले काम मिळाले ते त्या रोझरीमुळे," असे मामा हसून सांगत. रोझरीला शेजारी गुडघे टेकून बसणारा गृहस्थ व्हायोलिन वाजवीत असे. एके दिवशी त्याच्या सोबत्यास ताप आला आणि तो मामांना घेऊन गेला.

तेथे मामांनी जे पाहिले ते मी लहानपणी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले. पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. संगीतकार हार्मोनियम घेऊन चाल ऐकवायचा. चाल त्याच्या डोक्यात, कागदावर काहीच नाही. हिंदुस्थानी संगीताची ती रीतच आहे. गुरूने गावे, शिष्याने कानाने घ्यावे. परंतु समोर तीस-चाळीस वादक बसवायचे आणि प्रत्येकाने वेगळे वाजवायचे, तर ते सारे तोंडी कसे सांगणार? तेथे अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक, पुढे येई. तो ऐकलेली चाल स्वरलिपीत उतरवी. गायिका श्वास घेते तेथे व्हायोलिनांनी काय म्हणावे, चेलोने खालून कोणता सूर धरावा, ट्रम्पेटने कोठे शिरावे आणि कोठे गप्प बसावे, हे तो ठरवी. मग प्रत्येक वाद्याचा भाग हाताने उतरवून वादकांपुढे ठेवला जाई. एका बाजूस वाचून वाजवणारे गोवेकर, दुसऱ्या बाजूस कागद न लागणारे सारंगीवाले, बासरीवाले, ढोलकवाले. उदयपूरचे राम नारायण यांची सारंगी, बंगालचे पन्नालाल घोष यांची बासरी, पारशी कावस लॉर्ड यांची तालवाद्ये, हे सारे त्याच काळातील. अशा लोकांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. कागद वाचणाऱ्याला मींड साधत नसे आणि मींड घेणाऱ्याला कागद वाचता येत नसे. दोघांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते.

या मेळातून काय झाले ते सर्वांनी ऐकले आहे. पुणतांब्यास जन्मलेले आपले सी. रामचंद्र आणि बार्देशातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखत असे, या दोघांनी मिळून १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील गाणी सजवली. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचे लेखन वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसूझा करीत. फाळणीपूर्वी ते लाहोरात वाद्यवृंद चालवीत होते. त्याच वृंदातील तालाची बाजू गोव्याचेच दत्ताराम वाडकर सांभाळीत. चाल एकाची, मांडणी दुसऱ्याची, ठेका तिसऱ्याचा. गाणे मात्र एकच.

ध्वनिमुद्रणाची रीतही अशी की, माणसाला एकट्याने मिरवता येऊ नये. आजच्यासारखे प्रत्येकाचे वेगवेगळे मुद्रण करून मागाहून जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. गायक आणि सारे वादक एकाच वेळी वाजवणार. शेवटच्या ओळीत एकाचा सूर हलला तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. "अशा वेळी कोणी चुकणाऱ्याकडे पाहत नसे," मामा सांगत. "सारे आपापल्या कागदाकडे बघत. उद्या आपलाही हात चुकणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे."

वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांत एक स्टँड असतो. कागदाचे पान संपत आले की बाहेरच्या बाजूचा वादक वाजवीतच राहतो आणि आतल्या बाजूचा आपला गज उचलून पान उलटतो. पान उलटेपर्यंत त्याचे दोन-तीन सूर सुटतात. पण वाजवणे अखंड राहते. मामा बहुतेक आतल्या बाजूस बसत. पार्श्वसंगीताच्या दिवशी कागदांची चवड मोठी. मायक्रोफोनला पानाची सळसळ ऐकू जाता कामा नये, म्हणून पान कसे धरावे, कोणत्या बोटाने सोडावे, याचीही त्यांनी एक विद्या करून ठेवली होती. "माझी खरी कला तीच," असे ते थट्टेने म्हणत. मी सेमिनरीत शिकत असताना या थट्टेला हसत असे आणि मनात थोडी कीवही करीत असे. पुण्यास आम्हांला ग्रेगोरियन गायन शिकवीत; सिनेमाचे संगीत आणि त्यातही दुय्यम व्हायोलिन, यात काय मोठे, असा विद्येचा अहंकार त्या वयात माझ्या ठायी होता.

मामांना स्वतःच्या नावाची खंत नव्हती. पण इतरांच्या नावाची होती. ध्वनिमुद्रिकेवर संगीतकाराचे आणि गायकाचे नाव छापले जाई, वाजवणाऱ्यांचे नव्हे. किंबहुना एके काळी गायकालाही ते भाग्य नव्हते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेच्या जागी चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी' असे नाव होते. वादकांना दिवसाचे वेतन मिळे. पुढे ते गाणे पन्नास वर्षे घरोघरी वाजले तरी त्यांचा संबंध त्या दिवसापुरताच. याच काळात वादकांनी आपली संघटना उभी केली आणि वेतनाचे दर व कामाचे तास यांविषयी एकत्र बोलण्यास आरंभ केला. एकटा वादक निर्मात्यापुढे उभा राहून जे मागू शकत नव्हता, ते सर्वांनी मिळून मागता आले. मामा या संघटनेची वर्गणी कधी चुकवीत नसत. "देवळातली आणि संघटनेची, दोन्ही वर्गण्या वेळेवर द्याव्यात," असे त्यांचे म्हणणे.

एका माणसाचे नाव ते फार आदराने घेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. स्वतः उत्तम व्हायोलिनवादक व संयोजक असलेल्या या गृहस्थाने १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' नावाचा वाद्यवृंद उभारला. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे तेथे गायले. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली वाजवणारी माणसे त्या रात्री आपल्यापैकीच एकाचे संगीत वाजवीत होती. मामा श्रोत्यांत बसले होते. "आमच्यातला प्रत्येक माणूस त्या रात्री दोन इंच उंच झाला," असे ते सांगत. तो उपक्रम आर्थिक भारामुळे फार काळ टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा सिनेसृष्टीत रमले नाहीत. त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते गाणे साऱ्या देशाने गुणगुणले; पण ते नाव एका जित्याजागत्या शिक्षकाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते गोव्यात निवर्तले.

आता माझ्याकडे वळतो. या धर्मग्रामात मी आलो तेव्हा येथील गायनवृंद जुना आणि थोडा बेशिस्त होता. कोणी मराठी बोलणारे, कोणी कोंकणी, दोन घरे कानडी. एक वृद्ध गृहस्थ व्हायोलिन वाजवीत. त्यांना कागद लागे. तबला वाजवणाऱ्या तरुणाला कागदाचे अक्षर कळत नसे. ट्रम्पेट वाजवणारे एक निवृत्त बँडवाले होते, ते नेमके नको तेथे जोर करीत. तालमीत वाजवणे थोडे आणि वाद फार. मला व्यवस्थेची हौस. मी शहरातून एक कीबोर्ड आणला, ज्यात तबला, व्हायोलिन, ट्रम्पेट सारे काही बटणावर मिळते. गीते मीच निवडू लागलो, मीच वाजवू लागलो आणि मुलींना मीच गाण्यास शिकवू लागलो. कोणास "येऊ नका" असे मी कधी म्हटले नाही. तशी गरजच पडली नाही. एकेक जण येईनासा झाला. मला वाटले, कटकट मिटली.

त्या नाताळास मामा माझ्याकडे आले होते. वय पंच्याऐंशी उलटलेले. मी दीक्षा घेतल्यापासून ते मला अहोजाहो करीत. त्याचा मला संकोच वाटे, पण ते ऐकत नसत. मध्यरात्रीच्या मिस्साला ते शेवटच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारले, "मामा, संगीत कसे झाले?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूर बरोबर होते, फादर. एकही चूक नाही."

"मग?"

"चूक करायला तेथे दुसरे कोणी होतेच कुठे?"

मला राग आला. मी म्हणालो, "ही माणसे एकत्र वाजवूच शकत नाहीत. एकाला वाचता येते, दुसऱ्याला येत नाही. तिसरा ऐकत नाही."

मामा हसले. "आम्हीही तसेच होतो की! तुम्हांला काय वाटते, आम्ही सारे देवदूत होतो? एकमेकांच्या भाषा येत नव्हत्या. कोणी कोणाशी चहा घेत नसे. पण मधे एक माणूस होता, जो दोन्ही बाजूंचे ऐकून लिहीत असे. तो स्वतः वाजवीत नसे, फादर."

एवढे बोलून ते भात कालवू लागले. मी उत्तर दिले नाही. तीन महिन्यांनी मामा देवाघरी गेले.

त्यांची ट्रंक माझ्या वाट्याला आली. कुडातली तीच ट्रंक. आत व्हायोलिनच्या तारा, रोझरीची माळ, संघटनेच्या पावत्या आणि पिवळ्या पडलेल्या स्वरलिपीचे गठ्ठे. त्या कागदांवर ना गाण्याचे नाव, ना चित्रपटाचे, ना वादकाचे. माथ्यावर केवळ एक आकडा आणि 'व्हायोलिन २' एवढेच. मात्र जेथे जेथे पान संपते तेथे कोपऱ्यात मामांच्या हाताने पेन्सिलीने दोन अक्षरे लिहिलेली: 'व्ही. एस.' इटालियन भाषेत 'वोल्ती सुबितो', म्हणजे 'पान त्वरेने उलटा'. माझ्या सेमिनरीतील विद्येमुळे ती अक्षरे मला वाचता आली. कागदामागून कागद, ट्रंकभर, तीच दोन अक्षरे. शेजाऱ्याचे वाजवणे थांबू नये म्हणून एका माणसाने स्वतःस दिलेल्या त्या सूचना होत्या. मी त्या रात्री ट्रंकेपाशी जमिनीवर बसून राहिलो. एखाद्या माणसाने आयुष्यभर काय केले, हे मला ते हयात असताना समजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कीबोर्डवर कापड घातले आणि मंडळींच्या घरी जाण्यास निघालो. व्हायोलिनवाल्या गृहस्थांनी मला अर्धा तास बाहेर बसवून ठेवले. तो माझा रास्त हक्क होता. तबला वाजवणारा तरुण लगेच तयार झाला. मी त्यांच्यापुढे एकच अट ठेवली: मी वाजवणार नाही, मी लिहून देईन. एक साधे गीत घेतले. व्हायोलिनचा भाग मी हाताने उतरवला. तबलजीला शेजारी बसवून तोंडाने बोल म्हणून दाखवले. त्यानेच दोन ठिकाणी मला सुधारले. कानडी घरातील एका मुलीचा आवाज खालच्या सुरात भरदार लागतो, हे मला दोन वर्षांत कळले नव्हते. तिच्यासाठी दुसरी ओळ लिहिली. एका गीतास तीन आठवडे लागले. भांडणे झालीच, पण ती आता गीताविषयी होती. मी एकटा ते अर्ध्या तासात वाजवले असते. खरे सांगायचे तर, वाजवताना त्यांच्या चुका झाल्याच. परंतु एकाची चूक दुसरा सावरून घेत असल्याचे मला वेदीपाशी उभे राहून स्पष्ट ऐकू आले.

ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ मात्र परत आले नाहीत. मी त्यांच्या घरी तीनदा गेलो. त्यांनी चहा दिला, माझी विचारपूस केली, परंतु भिंतीवरचे ट्रम्पेट काढले नाही. "आता छातीत दम नाही, फादर," असे म्हणाले. दम दोन वर्षांपूर्वी होता. मोडलेली प्रत्येक गोष्ट जोडता येत नाही, आणि हे मोडणे माझ्या हातचे होते, हे मी येथे लिहून ठेवतो.

मुंबईतील ते मोठे वाद्यवृंदही आता राहिलेले नाहीत. १९८० च्या दशकापासून यंत्रांनी वाद्यांची जागा घेतली, आणि पुढे पुढे एकेकाचे वेगळे ध्वनिमुद्रण होऊ लागले. शेजारी बसण्याची गरज उरली नाही. न्यूझीलंडमधील एक संगीताभ्यासक, ग्रेगरी बूथ, यांनी या वृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली त्यांच्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या माणसांची नावे टिपून ठेवण्यास इतक्या दुरून माणूस यावा लागला, याची मला कृतज्ञता वाटते आणि थोडी लाजही वाटते. आपले शिंपी, गवंडी, शिक्षक, परिचारिका, सारेच अशा वृंदात काम करतात. शाळेची इमारत उभी राहते तेव्हा कोनशिलेवर उद्‌घाटकाचे नाव असते. विटा झेलणाऱ्याचे नसते.

म्हणून आम्ही एक लहानशी गोष्ट सुरू केली आहे. धर्मग्रामाच्या दप्तरात एक वही ठेवली आहे. प्रत्येक नाताळास व प्रत्येक ईस्टरला कोणी गायले, कोणी वाजवले, कोणी लिहिले, कोणी खुर्च्या मांडल्या आणि वीज गेली तेव्हा कंदील कोणी धरला, ही सारी नावे तीत लिहिली जातात. पहिल्या पानावर मी जुन्या मंडळींची नावे विचारून विचारून भरली. त्यांत ट्रम्पेटवाल्यांचे नाव ठळक अक्षरांत आहे. ते दाखवण्यास मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि माझ्या आधी येथे असलेल्या वादकांची आणखी चार नावे सांगितली.

वाचकहो, तुमच्याही गावी असा एखादा वृंद असेल, चर्चमधला असो वा कामावरचा. या सणाला तेथील नावे विचारून लिहून ठेवा. सांगणारे हयात आहेत तोवरच ती मिळतील. आमच्या ओसरीवर यंदा चहा पुरला नाही. मामांचा स्टँड आता आमच्या चर्चमध्ये आहे. व्हायोलिनवाले गृहस्थ बाहेरच्या बाजूस बसतात आणि आतल्या बाजूस त्यांच्यापाशी नुकतेच शिकू लागलेले अकरा वर्षांचे एक पोर. त्याला अजून चार सूरही धड येत नाहीत. पण पान मात्र तो असे उलटतो की, पहिल्या बाकावरही सळसळ ऐकू येत नाही.